यंत्राची साक्ष आणि वस्तीची साक्ष : गिरणीच्या धोट्यापासून रमाबाई नगरपर्यंत



आपल्या तरुणांमध्ये सध्या एक वाक्य वारंवार ऐकू येते : ‘माणूस जात बघतो, मशीन जात बघत नाही.’ मुलाखतीत आडनावावर रेंगाळणारा साहेब, भाड्याचे घर दाखवण्याआधी ‘तुम्ही नॉनव्हेज खाता का?’ विचारणारा मालक, कॉलेजात ‘कोट्यातून का?’ म्हणून हसणारे सोबती, हे सगळे सोसलेल्या पोराला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणजे सुटका वाटली तर त्यात नवल काय? तो मोबाईलवर एआयला प्रश्न विचारतो. एआय त्याचे आडनाव विचारत नाही, त्याला उंबऱ्याबाहेर उभे करत नाही, शांतपणे उत्तर देतो. मग उद्या नोकरी, कर्ज, पोलीस तपास आणि घराची पात्रता हे सगळे या यंत्राच्या हाती दिले तर न्याय मिळेल, असा निष्कर्ष तो काढतो.

हा निष्कर्ष तपासायला हवा आणि तो आपल्या इतिहासावर घासून तपासायला हवा. कारण यंत्र आणि जात यांची गाठ आज पहिल्यांदा पडलेली नाही. या मुंबईतच ती शंभर वर्षांपूर्वी पडली होती.

धोटा बाटतो कसा?

गावात महारकी करणारा, चावडीपुढे जोहार घालणारा माणूस मुंबईच्या गिरणीत आला, तेव्हा त्यालाही असेच वाटले असेल. वाफेवर चालणाऱ्या यंत्राला विटाळ कुठला? सूत कातणाऱ्या साच्याला कातणाऱ्याची जात कळत नाही. पण गिरणीत विणकाम खात्यात अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. का? धोट्यातली कांडी संपली की नवी बसवताना सुताचा दोरा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. एकच धोटा अनेकांच्या तोंडाला लागे. अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नव्हता. विणकाम खात्यात मजुरी जास्त होती. म्हणजे विटाळाची किंमत दर महिन्याच्या पगारात मोजली जात होती आणि ती मोजत होता आपला माणूस.

१९२८ च्या मोठ्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला. कामगारांच्या मागण्यांमध्ये विणकाम खाते अस्पृश्यांना खुले करण्याची मागणी असली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. या बंदीच्या मुळाशी शेजारच्या साच्यावर उभ्या असलेल्या सवर्ण कामगाराचा विटाळ होता. लाल बावट्याखाली एकत्र उभे राहणारे हात धोटा मात्र एकत्र वापरायला तयार नव्हते.

इथे पहिला धडा आहे. यंत्राला जात नव्हती, पण यंत्र ज्या खात्यात उभे होते त्या खात्याला जात होती. त्यावर कोण बसणार, कोणाला काय पगार मिळणार, कोणाला दाराबाहेर ठेवायचे, हे यंत्र ठरवत नव्हते. ते समाज ठरवत होता आणि यंत्र निमूटपणे त्या निर्णयानुसार चालत होते.

तरीही बाबासाहेब यंत्राच्या विरोधात गेले नाहीत, हे नीट लक्षात घ्या. १९४५ च्या ‘काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले?’ या ग्रंथात त्यांनी गांधीवादाच्या यंत्रविरोधाची झाडाझडती घेतली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : यंत्रामुळे अनर्थ झाले असतील, पण दोष यंत्राचा नाही. काहींच्याच हाती मालकी आणि नफा ठेवणाऱ्या समाजरचनेचा तो दोष आहे. यंत्र मोडू नका, रचना बदला. कारण यंत्रामुळेच माणसाला राबण्यातून उसंत मिळते आणि उसंत मिळाल्याशिवाय माणूस माणसासारखा जगू शकत नाही. ज्याच्या डोक्यावर पिढ्यान्‌पिढ्या पाटी होती, त्याला ‘चरख्याकडे परत चला’ हा उपदेश कसा परवडणार?

म्हणून एआयबद्दलही आपली भूमिका ‘नको’ अशी असू शकत नाही. आपला प्रश्न वेगळा आहे : या यंत्राचे विणकाम खाते कुठे आहे आणि त्याच्या दारावर कोण उभा आहे?

चावडीवरच्या हजेरीपासून मनगटावरच्या घड्याळापर्यंत

घाटकोपरच्या चिरागनगरात एका झोपडीत राहून अण्णा भाऊ साठे यांनी लिहिले. शाळेत ते जेमतेम गेले होते. त्यांची ‘फकिरा’ ही कादंबरी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण आहे. इंग्रज सरकारच्या दप्तरात फकिरा हा दरोडेखोर आहे. अण्णा भाऊंच्या कादंबरीत तो उपाशी मांगवाड्यासाठी लढणारा नायक आहे. माणूस एक, नोंदी दोन. सरकारी नोंदच तेवढी उरली असती तर आज आपण फकिराला कोणत्या नावाने ओळखले असते?

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. नोंदवहीत नाव, हजेरी सक्तीची, परवानगीशिवाय गाव सोडायचे नाही. माणसाने काय केले याच्याशी त्या वहीला देणेघेणे नव्हते. तो कोणाच्या पोटी जन्मला एवढे तिला पुरे होते. ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. पण १९५९ मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. पोलिसांचा संशय मात्र पालावरून आणि वस्तीवरून कधीच उठला नाही.

आता विचार करा. एआय कशावर शिकतो? आधीच्या नोंदींवर. पोलिसांसाठीचा एआय कोणत्या नोंदींवर शिकणार? त्याच ठाण्यांच्या, त्याच डायऱ्यांच्या, त्याच अटकांच्या. ज्या वस्तीत पोलीस जास्त फिरतात तिथे अटका जास्त होतात. अटका जास्त झाल्या की यंत्र म्हणते, इथे गुन्हे जास्त आहेत. मग तिथे आणखी पोलीस पाठवले जातात. १८७१ ची वही अशी स्वतःच स्वतःला खरे ठरवत राहते. फरक इतकाच, की पूर्वी फौजदाराच्या पूर्वग्रहावर बोट ठेवता येत होते. आता तो म्हणेल, ‘मी काही केले नाही, कॉम्प्युटरने सांगितले.’

ही केवळ कल्पना नाही. अमेरिकेत ‘कॉम्पास’ नावाची प्रणाली आरोपी पुन्हा गुन्हा करण्याची शक्यता किती, याचे गुण देत असे. २०१६ मध्ये ‘प्रोपब्लिका’ या वृत्तसंस्थेने फ्लोरिडातल्या हजारो आरोपींची माहिती तपासली. ज्यांनी पुढे गुन्हा केलाच नाही, अशांपैकी काळ्यांना ‘धोकादायक’ ठरवण्याचे प्रमाण गोऱ्यांच्या जवळपास दुप्पट निघाले. कंपनीने हा निष्कर्ष अमान्य केला आणि वाद अजून चालू आहे. पण एक गोष्ट निर्विवाद आहे : त्या प्रश्नावलीत वंश विचारलेलाच नव्हता. न विचारताही वंश आत शिरला, कारण पत्ता, बेकारी आणि घरातल्या कोणाला अटक झाली होती का, हे प्रश्न वंशाचेच काम करत होते. आपल्याकडे आडनाव, पिनकोड, शाळा आणि बापाचा धंदा हे जातीचे काम करतील.

आपल्या राज्यातही ही यंत्रणा येते आहे. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये पोलिसांसाठी ‘मार्व्हल’ ही एआय कंपनी स्थापन केली. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल देताना तुरुंगात जातीवरून कामे वाटण्याची पद्धत घटनाबाह्य ठरवली आणि कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितले. प्रजासत्ताकाला पंचाहत्तर वर्षे होत आली तरी तुरुंगात झाडू कोणी मारायचा हे जात ठरवत होती! ज्या राज्ययंत्रणेच्या वह्या अशा होत्या, त्याच यंत्रणेच्या वह्यांवर नवे यंत्र शिकणार आहे. रकाना काढला म्हणजे वहीतली जात जाते का?

आणि हजेरी? नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळे बांधली. कामगार कुठे आहे, किती चालला, कुठे थांबला, हे अधिकाऱ्याला स्क्रीनवर दिसू लागले. शहराची घाण उचलणारी माणसे कोणत्या जातींतली आहेत हे सांगायची गरज नाही. गटारात माणूस उतरू नये म्हणून लागणारे यंत्र यायला वर्षानुवर्षे लागतात, पण तो माणूस चहाला किती वेळ थांबला हे मोजणारे यंत्र लगेच येते. यंत्र कोणत्या कामासाठी आधी आणले जाते, यावरून व्यवस्थेची नियत ओळखावी.

११ जुलै १९९७ : टँकरची गोष्ट

आता आपल्या उपनगराच्या काळजावरच्या जखमेकडे येऊ. घाटकोपर पूर्वेला, पूर्व द्रुतगती महामार्गाला लागून माता रमाबाई आंबेडकर नगर आहे. ११ जुलै १९९७ च्या पहाटे तिथल्या बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला. माणसे जमली, महामार्ग रोखला गेला. सकाळी राज्य राखीव पोलीस दलाची गाडी आली आणि थोड्याच वेळात गोळीबार सुरू झाला. १० माणसे मारली गेली, २६ जखमी झाली. मृतांमध्ये रास्ता रोकोशी संबंध नसलेली माणसेही होती. आदेश देणारा अधिकारी होता उपनिरीक्षक मनोहर कदम. राज्यात शिवसेना-भाजप युतीचे सरकार होते.

गोळीबाराचे समर्थन काय झाले? रस्त्यावर गॅसचे टँकर होते, जमाव ते पेटवणार होता, पेटले असते तर अख्खी वस्ती उडाली असती, म्हणून गोळ्या झाडल्या. म्हणजे मारले ते वाचवण्यासाठी! ही टँकरची गोष्ट वर्तमानपत्रांत गेली, टीव्हीवर गेली, लोकांच्या तोंडी बसली. त्या दिवशी एक बस जळाली होती, तिचाही उल्लेख होत राहिला. पण बस जळाली ती गोळीबारानंतर काही तासांनी, मेलेल्यांच्या संतापात. ‘आधी काय आणि नंतर काय’ एवढा क्रम उलटा केला की मेलेला माणूस गुन्हेगार होतो आणि मारणारा रक्षक ठरतो.

मग खरे बाहेर कसे आले? वस्तीतली माणसे बोलली. ज्यांच्या घरातला पोरगा गेला त्या आया, जखमी झालेली माणसे आणि कोपऱ्यावर उभे असलेले लोक चौकशीपुढे उभे राहिले. कोण कुठे उभा होता, गोळी कुठून आली, टँकर कुठे होता, हे त्यांनी सांगितले. वकिलांनी आणि मानवी हक्क कार्यकर्त्यांनी ते लिहून घेतले. न्यायमूर्ती एस. डी. गुंडेवार यांच्या आयोगाने हा गोळीबार असमर्थनीय ठरवला. तरीही खटला उभा राहून निकाल यायला ७ मे २००९ उजाडले. सत्र न्यायालयाने कदमला सदोष मनुष्यवधासाठी जन्मठेप सुनावली. पुढे उच्च न्यायालयातून त्याला जामीन मिळाला. बारा वर्षांच्या लढ्याचे फळ म्हणून वस्तीच्या हाती एवढेच आले. हा अपुरा न्यायही कोणत्या यंत्राने दिलेला नाही. साक्षीला उभ्या राहिलेल्या माणसांनी तो खेचून आणला.

आता हाच प्रसंग आजच्या यंत्राच्या डोळ्यांनी बघा. आजचा एआय जे जास्त वेळा छापले गेले आहे त्यावरून शिकतो. ‘जमाव’, ‘हिंसक’, ‘पोलिसांना गोळीबार करावा लागला’ हे शब्द पहिल्या दिवशी पहिल्या पानावर असतात. आयोगाचा अहवाल वर्षभराने येतो तेव्हा त्याला आतले पान मिळते. बारा वर्षांनी लागलेल्या निकालाला आणखी छोटा कोपरा मिळतो. वस्तीतल्या आईची साक्ष तर न्यायालयाच्या कागदांत पडून राहते, ती इंटरनेटवर नसतेच. म्हणजे खोटे संख्येने जास्त आणि खरे संख्येने कमी. जो संख्येवर शिकतो तो कोणती गोष्ट सांगेल? त्याला जातीयवादी असण्याची गरजच नाही. आपल्याबद्दल जे लिहिले गेले ते त्याने प्रामाणिकपणे पाठ केले, तरी आपल्यावर अन्याय होतो.

त्यात आज बनावट चित्रफितींची भर पडली आहे. १९९७ मध्ये टँकरची गोष्ट तोंडाने सांगावी लागली. आज जळणारा टँकर, दगड घेतलेला जमाव, निळा झेंडा आणि आवाजासकट सगळे मोबाईलवर काही मिनिटांत तयार करता येते. भीमा कोरेगाव असो की कुठल्या गावातली जयंतीची मिरवणूक असो, पुढची ‘टँकरची गोष्ट’ चित्रफितीच्या रूपातच येईल, हे गृहीत धरून चला.

विलास घोगरेंचा आवाज कसा उरला?

गोळीबारानंतर चार दिवसांनी, १५ जुलै १९९७ ला मुलुंडच्या आपल्या झोपडीत शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. आयुष्यभर गरिबांची गाणी गाणारा हा माणूस त्या मृत्यूंनी आतून मोडला. त्यांच्या मागे छापील ग्रंथ नव्हते, संग्रहालय नव्हते. त्यांचा आवाज आज आपल्यापर्यंत येतो याचे एक मोठे कारण म्हणजे आनंद पटवर्धन यांनी तो आधी चित्रित करून ठेवला होता. घोगरेंच्या मृत्यूपासून सुरू झालेले पटवर्धनांचे काम १४ वर्षांनी ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट म्हणून पूर्ण झाले. रमाबाई नगर न पाहिलेली पोरे आज त्या माहितीपटामुळे रमाबाई नगर ओळखतात.

पण किती शाहीर असे गेले ज्यांच्यासमोर कॅमेरा नव्हता? विक्रोळी, भांडुप, मुलुंड, कुर्ला, गोवंडी, अंधेरी, बोरिवली इथल्या वस्त्यांत दुष्काळाने गाव सोडून आलेली पहिली पिढी होती. तिने खाडीकाठची दलदल भरून घरे उभी केली. दुसऱ्या पिढीने पँथरच्या सभा भरवल्या, नामांतरासाठी लाठ्या खाल्ल्या, बुद्धविहारे बांधली. आजची तिसरी आणि चौथी पिढी इंजिनिअर आहे, बँकेत आहे, कॉल सेंटरमध्ये आहे, डिलिव्हरीची बॅग पाठीवर घेऊन अॅपच्या हुकमावर पळते आहे. १९९७ नंतर जन्मलेल्यांना तो दिवस आठवायचे कारणच नाही. त्यांना तो कोणीतरी सांगावा लागेल. आजी सांगणार की एआय? आणि आजीने सांगितलेले एआयच्या कानावर कधी गेले आहे का?

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ का काढला? आपल्यावरच्या अन्यायाला वाचा फोडायला आणि उपाय सुचवायला दुसऱ्यांची पत्रे उपयोगी नाहीत, हे त्यांना कळले होते. पुढे ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’, ‘प्रबुद्ध भारत’ आले आणि स्वतःचा छापखानाही उभा राहिला. ज्या छापखान्याशी हे काम जोडलेले होते, ती दादरच्या आंबेडकर भवनातली वास्तू २५ जून २०१६ च्या पहाटे जमीनदोस्त करण्यात आली. आपली नोंद किती कष्टाने उभी राहते आणि किती सहज पाडली जाते, याचे हे उदाहरण विसरू नका.

पात्र की अपात्र?

कोणी म्हणेल, हा सगळा इतिहास झाला, आज काय? आज रमाबाई नगराच्या दारात पुनर्विकास उभा आहे. पूर्व मुक्त मार्ग ठाण्याकडे नेण्यासाठी तिथली जागा हवी आहे. एमएमआरडीए आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण मिळून रमाबाई नगर आणि कामराज नगर मिळून सुमारे १७ हजार घरांचा प्रकल्प राबवत आहेत. झोपडपट्टी पुनर्वसनात आता बायोमेट्रिक सर्वेक्षण होते, नकाशे ड्रोनने काढले जातात.

चांगले घर हवेच, त्याला विरोध नाही. पण पात्रतेचा प्रश्न बघा. १ जानेवारी २००० पूर्वीची झोपडी मोफत घराला पात्र, नंतरची २०११ पर्यंतची पैसे भरून. हे सिद्ध करायला कागद लागतो : १९७६ चा फोटोपास, मतदार यादी, वीजबिल. शाळेच्या दाखल्यावर नाव एक, आधारवर दुसरे. लग्नानंतर आडनाव बदललेली मुलगी. धुणीभांडी करून बोटांचे ठसे झिजलेली बाई. माणसासमोर असलेला अधिकारी निदान विचारू शकतो, ‘मावशी, हे नाव वेगळे का?’ यंत्र विचारत नाही. ते दोन नावे जुळवते, जुळली नाहीत तर ‘अपात्र’ दाखवते आणि पुढच्या झोपडीकडे जाते. त्या एका शब्दामागे चाळीस वर्षांचा संसार असतो.

म्हणून आजच्या कार्यकर्त्याने मागणी बदलली पाहिजे. नुसते ‘घर द्या’ म्हणून भागणार नाही. यंत्राने अपात्र ठरवले तर कारण लेखी द्या, मराठीत द्या. त्या निर्णयावर सही करणारा जबाबदार अधिकारी कोण ते सांगा. अपिलाला माणसासमोर उभे राहू द्या. कोणत्या नोंदींवरून निर्णय झाला ते माहिती अधिकारात दाखवा. हेच प्रश्न पोलिसांच्या एआयला विचारा, महापालिकेच्या हजेरीला विचारा आणि नोकरीचे अर्ज चाळणाऱ्या सॉफ्टवेअरलाही विचारा. ‘कॉम्प्युटरने सांगितले’ हे उत्तर लोकशाहीत चालत नाही. संविधानाच्या १४ व्या कलमाने समानतेची हमी राज्यावर टाकली आहे आणि राज्याला ती यंत्राच्या गळ्यात टाकून मोकळे होता येणार नाही.

तरुणांनी काय करायचे?

एआय वापरा. भीती बाळगू नका. इंग्रजी सुधारायला, स्पर्धा परीक्षेला, अर्ज लिहायला, निकालपत्र समजून घ्यायला वापरा. ज्ञानाचे दार बंद होते तेव्हा आपण ते फोडून आत आलो आहोत, आता उघड्या दारासमोर थांबायचे नाही. जमेल त्याने ते बनवायलाही शिका, कारण विणकाम खात्याबाहेर उभे राहून धोट्याबद्दल नुसती तक्रार करत राहणे आपल्याला परवडणारे नाही.

पण त्याबरोबर एक काम तुमच्या पिढीशिवाय दुसरे कोणी करणार नाही. प्रत्येक विहारात, प्रत्येक जयंती मंडळात दोन पोरे निवडा. वस्तीतल्या साठीपुढच्या माणसांच्या मुलाखती मोबाईलवर घ्या. तारीख, ठिकाण, नाव नीट नोंदवा, त्यांची परवानगी घ्या. गाणी, पत्रके, जुने फोटो, मोर्चाच्या पावत्या स्कॅन करा. आयोगाचे अहवाल आणि न्यायालयाचे निकाल सोप्या मराठीत मांडून ठेवा. मराठी विकिपीडियावर पुराव्यासह लिहा. एखादी चित्रफीत आली की पुढे ढकलण्याआधी तीन गोष्टी विचारा : कोणी काढली, केव्हा काढली आणि त्याआधी काय घडले?

टँकरची गोष्ट रमाबाई नगराने खोटी पाडली, कारण तिथली माणसे गप्प बसली नाहीत. उद्याची गोष्ट खोटी पाडायची असेल तर आपली साक्ष आजच लिहून ठेवावी लागेल. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा आणि त्या संघर्षाची नोंद स्वतःच्या हाताने ठेवा.

जय भीम!